हॉलमध्ये समुद्र मांडायचाय, पण बायकोला पटत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी अडतीस वर्षांचा, डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर राहतो. पत्नी बँकेत नोकरीला, मुलगी दुसरीत. मासे पाळायची हौस मला शाळेपासून. गप्पी, मॉली, गोल्डफिश, सगळं झालं. गेल्या वर्षी दुबईत मित्राकडे खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. यंदा बोनस हातात आलाय, दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. ओळखीचा दुकानदार म्हणतो, चार बाय दोन बाय दोनचा टँक, लाइव्ह रॉक, कोरल, निमोची जोडी आणि डोरी, सगळं आठ दिवसांत लावून देतो. दहा हजार ॲडव्हान्स दिलेत. पत्नीचा ठाम नकार आहे. एवढं वजन कशावर ठेवणार, फुटला तर खालच्यांच्या घरात पाणी जाईल, विजेचं बिल कोण भरणार, गणपतीत आठ दिवस कणकवलीला जातो तेव्हा काय, आणि शेवटी 'हौस तुझी, काम माझ्या गळ्यात'. मुलीला मात्र निमो हवाच आहे. पत्नीला या छंदातलं काही कळत नाही, एकदा टँक लागला की तीही रमेल, असं मला वाटतं. तिला कसं पटवू? आणि सामान कोणत्या कंपनीचं घेऊ?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, कारण पत्नीला यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच्या वरच्याच चार ओळींत तिने विचारलेले प्रश्न उतरवून दिलेत. वजन, गळती, वीज, सुट्टी. खाऱ्या पाण्याचा टँक दहा-दहा वर्षं सांभाळणारे लोक नवख्याला नेमकं हेच विचारतात. दुकानदाराने यातलं एकही विचारलेलं दिसत नाही. तेव्हा तिला पटवायचं कसं हे बाजूला ठेवू. तिच्या प्रश्नांना उत्तरं आहेत का, ते पाहू. काहींना आहेत. एका गोष्टीला नाही, आणि ती तिने विचारलेलीही नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कोरल. म्हणजे प्रवाळ. दुबईत मित्राकडे जे पाहिलंत ते जसंच्या तसं डोंबिवलीत मांडता येणार नाही, आणि याचा बजेटशी संबंध नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत. काळं प्रवाळ, फायर कोरल, सी-फॅन तिथेच. समुद्री घोडा आणि महाकाय शिंपला, ज्याला दुकानात 'क्लॅम' म्हणतात, यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. पहिल्या अनुसूचीतल्या जिवांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. कायदा किती कडक आहे याचं एक उदाहरण मुंबईतलंच. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या 18 वसाहती सापडल्या. 2020 मध्ये त्या दुसरीकडे हलवायच्या तर खुद्द महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. तुमचा दुकानदार मात्र तेच 'आठ दिवसांत लावून देतो'.

लाइव्ह रॉकचंही तेच. नावात रॉक असलं तरी तो बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच सांगाडा असतो, भोकाभोकांचा, आत जिवाणू आणि बारीक जीव भरलेला. कायद्याला जिवंत-मेलेल्याचा फरक नाही. 'कोरल सँड' म्हणून पिशवीत मिळणारी वाळू कुठून आली हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर तीही नको. दुकानदार म्हणेल, साहेब, हे सॉफ्ट कोरल आहे, हे चालतं. मग विचारा, कोणत्या देशातून आलं, आयातीचे कागद कुठे आहेत, आणि ज्या दगडाला चिकटलंय तो दगड कसला आहे. उत्तर 'सगळेच ठेवतात' असं आलं तर नमस्कार करून निघा. त्यातही बटणासारखी दिसणारी जी झोअँथिड नावाची मंडळी असतात, त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. असा दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकला आणि वाफेने घरातल्या सगळ्यांना दवाखाना गाठावा लागला, असं परदेशात घडलेलं आहे. घरात दुसरीतली मुलगी असताना हा विषय इथेच संपतो.

तुमचा हिरमोड झाला असेल, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कोरलचा उल्लेख एकदा आणि निमोचा दोनदा आहे. तुम्हाला आणि मुलीला बघायचेत ते निळ्या उजेडात, दगडांच्या कपारींतून ये-जा करणारे मासे. ते होऊ शकतं. हौशी मंडळी याला नुसत्या माशांचा मरीन टँक म्हणतात. भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात. सहा-आठ महिन्यांत त्यांच्यावर जांभळट-गुलाबी थर चढला की लाइव्ह रॉक कुठला आणि हा कुठला, पाहुण्यांना कळत नाही. रीफचा देखावा हवा असेल तर तो असा उभा करायचा.

निमो, म्हणजे क्लाऊनफिश, यावर बंदी आहे असंही कुणी सांगेल. 2017 मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी केंद्राचे नियम आले होते, त्यातल्या बंदीच्या यादीत क्लाऊनफिश होता. ते नियम नंतर मागे घेतले गेले. आणि नवख्या माणसाने घ्यावा असा हाच मासा आहे, कारण तो हॅचरीत वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमच्या केंद्रात क्लाऊनफिशची पैदास करून दाखवलेली आहे, आणि तुमच्यापासून तासाभरावर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी झाली. हॅचरीतलं पिल्लू जन्मापासून काचेत वाढतं, दाणे खातं, गर्दीला बुजत नाही. समुद्रात हा मासा ज्यात राहतो ते समुद्रफूल त्याला लागत नाही, टँकच्या एका कोपऱ्यावर किंवा पंपाच्या पाइपवरही ते हक्क सांगतं. दहा वर्षं सहज जगतं, म्हणजे मुलगी बारावीला जाईपर्यंत. एक गंमत तिला जरूर सांगा. क्लाऊनफिश जन्मतात ते सगळे नर. जोडीत जो मोठा आणि दांडगा, तो मादी होतो, आणि मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. दुकानदाराने 'मेल-फिमेल जोडी' म्हणून जास्त पैसे मागितले तर दोन लहान पिल्लं घ्या, ती आपसात ठरवून घेतील.

डोरी नको. निळा सर्जनफिश वाढून फूटभर होतो आणि दिवसभर लांबच लांब पोहतो. चार फुटांच्या टँकमध्येही तो नुसता फेऱ्या मारत बसतो. शिवाय बाजारातले हे मासे जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात, आणि आग्नेय आशियात सायनाइडने गुंगवून मासे पकडण्याची पद्धत पुरती गेलेली नाही. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि घरी आल्यावर महिन्याभरात जातो. डॅमसेल मासे स्वस्त म्हणून घेऊ नका, एकच पोरगं अख्खा टँक डोक्यावर घेतं. पहिल्या वर्षी क्लाऊनची जोडी, एखादा छोटा गोबी मासा, दोन-चार गोगलगाई आणि जमलं तर एक क्लीनर कोळंबी. बस्स.

आता तुमच्या पत्नीच्या प्रश्नांकडे.

वजन. चार बाय दोन बाय दोन म्हणजे सोळा घनफूट, साडेचारशे लिटर पाणी. काच, स्टँड, दगड आणि खालच्या संपमधलं, म्हणजे टँकखाली ठेवतात त्या फिल्टरच्या दुसऱ्या टाकीतलं, पाणी धरून साडेसहाशे-सातशे किलो, आणि ते आठ चौरस फुटांत. घरांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोचा वापरभार धरून बांधतात, त्या हिशेबाने एवढ्या जागेच्या वाट्याला दीडशे किलो येतात. लगेच स्लॅब खचेल असं मी म्हणत नाही, भार आजूबाजूला पसरतो. पण इमारत जुनी असेल, कुठे सळई उघडी पडली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवल्याशिवाय असा टँक आणूच नका. तुमच्यासाठी माझं मत तीन बाय दीड बाय दीडचं आहे. एकशे नव्वद लिटर, सगळं मिळून तीनशे किलोच्या आत. भिंतीला लागून, खाली बीम जातो तिथे. मोठ्या टँकमध्ये पाणी लवकर बिघडत नाही हे खरं आहे, तुम्ही ते वाचलंही असेल. म्हणून याहून लहानही नको. ते दहा-वीस लिटरचे 'नॅनो' दिसतात गोड आणि नवख्याला आठवड्यात रडवतात.

गळती. काच फुटते क्वचित. घरात पाणी होतं ते बहुतेक वेळा वीज गेल्यावर. पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप थांबला की वरचं पाणी पाइपमधून उलटं खालच्या संपमध्ये उतरतं, आणि संप आधीच काठोकाठ भरलेला असेल तर जमिनीवर. डोंबिवलीत वीज जात नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. म्हणून पहिला टँक संपशिवाय करा, मागे अडकवायचा फिल्टर आणि अडकवायचा स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र, पुरतो. पुढे संप लावलाच तर पहिल्या दिवशी साधं पाणी भरून मेन स्विच बंद करा आणि पत्नीला शेजारी उभं करून बघा, पाणी कुठे थांबतं ते. मीठ घालायच्या आधी ही चाचणी कुणी करत नाही, का कोण जाणे. टँकखाली जाड फोम, एका पातळीत स्टँड, आणि टँकच्या बोर्डाला वेगळा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. पोर काचेला हात लावून उभी राहणार आहे, इथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

वीज. फिल्टर, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), स्किमर, दिवा मिळून दिवसाला दोन युनिट धरा. खरा खर्च थंडाव्याचा. या माशांना चोवीस ते सत्तावीस अंश पाणी लागतं. तुमच्या हॉलमध्ये एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरात टँक तीस-बत्तीसवर जाईल. पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात, पण आपल्या दमट हवेत तेवढंही रोज जमेल याची खात्री नाही. पुण्या-नाशिकच्या वाचकांना पंख्यावर भागवता येईल, मुंबई-ठाण्याच्या आणि कोकणातल्या वाचकांनी चिलरचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. दोनशे वॅटचा चिलर दिवसाकाठी दहा तास चालला तर आणखी दोन युनिट. म्हणजे महिन्याला सव्वाशे युनिटच्या आसपास, आणि दहा-बारा रुपये दर धरला तर बाराशे-पंधराशे रुपये. हा आकडा कागदावर लिहून पत्नीला दाखवा. त्याच्या खाली मीठ, टेस्ट किट आणि आरओच्या फिल्टरचा खर्चही लिहा. लपवलात तर तिसऱ्या महिन्यात बिल येऊन सांगणारच आहे.

वीज जाते तेव्हासाठी घरातल्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या. चिलर आणि दिवा नाही. पाणी हलतं राहिलं की प्राणवायू मिळत राहतो, आणि तेवढ्यावर मासे बरेच तास काढतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप स्वस्तात मिळतो.

गणपती. तुम्ही गोड्या पाण्याचे मासे ठेवलेत, त्यामुळे इथे सवयीने चुकाल, म्हणून जरा सविस्तर सांगते. टँकमधून रोज पाणी उडून जातं, मीठ जात नाही. दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी असेल एकशे साठ लिटर, क्षारता लिटरला पस्तीस ग्रॅम. पंखे चालू असताना रोज चार लिटर उडालं आणि पाच दिवस कुणी पाहिलं नाही, तर पाणी उरलं एकशे चाळीस लिटर आणि क्षारता गेली चाळीसवर. तुम्ही कणकवलीला आरती म्हणत असाल आणि इकडे माशांची कातडी आणि कल्ले ताणाखाली. अशा वेळी घाईने खारं पाणी ओतायचं नाही, उडालं तेवढं साधं आरओचं पाणीच भरायचं. यावर सोपं यंत्र आहे, ऑटो टॉप-ऑफ. एक सेन्सर, एक छोटा पंप, बाजूला पंचवीस-तीस लिटरचा कॅन. पातळी उतरली की आपोआप भरतं. आठ दिवस चिलरवर भरवसा ठेवून पंखे बंद केलेत तर एवढा कॅन पुरतो. शिवाय दिवसाआड येणारा एक माणूस ठरवा. त्याच्यासाठी दाण्यांच्या पुड्या करून ठेवा, एका दिवसाची एक पुडी, आणि डबा कपाटात कुलपात ठेवा. सुट्टीत मासे मरतात ते उपाशी राहून नव्हे, शेजारच्यांनी प्रेमाने मूठभर दाणे टाकल्याने.

पाणी. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी असते, ती थोडं कच्चं पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळते. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, चाळीस-साठ दिसेल. टँकला शून्य हवं, त्यासाठी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावलेलं वेगळं युनिट घ्यावं लागतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत तर हे अगदीच टाळता येणार नाही, नाहीतर सिलिकेट आणि नायट्रेटमुळे तपकिरी शेवाळ हटता हटणार नाही. जुहू, अलिबागहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आणि डिझेलही असतं. मीठ वेगळ्या बादलीत पंप लावून विरघळवायचं, एक रात्र फिरू द्यायचं, मग क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची. रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठीचाच घ्या, पस्तीसच्या प्रमाण द्रावणाने अधूनमधून जुळवा. द्राक्ष-उसाच्या साखरेसाठी जो ब्रिक्स मीटर मिळतो तो इथे कामाचा नाही, दिसायला मात्र सारखाच असतो.

आणि आता आठ दिवस. टँक लावायला आठ दिवस पुरतात, टँक जिवंत व्हायला नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू ओतून वेळ कमी करता येतो, पण ते विरजणच झालं, लावल्या लावल्या दही होत नाही. गोड्या पाण्यात थोडा अमोनिया मासे सोसतात, कारण तिथे त्याचा बराच भाग निरुपद्रवी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, तिथे तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. तुमच्या गप्पींनी जे माफ केलं ते निमो करणार नाही.

म्हणून टँक माशांशिवायच चालू करा. मीठ-पाणी, दगड, पंप, आणि अमोनियम क्लोराइडचे मोजून थेंब, दोन पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईल इतके. रोज संध्याकाळी परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात किटचे थेंब, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळी पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहायचा. सुरुवातीला हिरवागार येईल. एक दिवस तो पोपटी होईल, मग पिवळा. दोन पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. हे काम मुलीला द्या. रंग ओळखून वहीत लिहायला दुसरीतल्या मुलांना फार आवडतं, आणि त्या वयाचे डोळे आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात. आपण 'जवळजवळ पिवळाच आहे' म्हणून मोकळे होतो.

हे सहा आठवडे म्हणजे तुमचीही परीक्षा, आणि 'काम माझ्या गळ्यात' या वाक्याला उत्तर देण्याची तुमची संधी. दिवा-पंप लावणं, काच पुसणं, कडेला साचलेलं मिठाची पांढरी पूड काढणं, आरओचे कॅन भरणं, तापमान पाहणं, सगळं तुम्ही एकट्याने करायचं. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायची तालीमही जिवाणूंचं हे चक्र पुरं होत आल्यावर करा. एखादा आठवडा चुकला तर मासा मरणार नाही, कारण मासाच नाही. पण पत्नीला दिसेल. दोन आठवडे सलग चुकले तर टँक रिकामा करून विकून टाकता येतो, नुकसान पैशांचंच. तुम्ही म्हणता, एकदा टँक लागला की ती रमेल. रमेलही. पण तिने रमावं म्हणजे नेमकं काय, हे स्वतःला एकदा विचारा. संध्याकाळी खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बघत बसावं, हे म्हणायचंय, की तुम्ही टूरवर असताना तिने स्किमरचा कप धुवावा, हे? पहिलं आपोआप होतं. दुसरं ठरवून, विचारून आणि तिने हो म्हटलं तरच. आणि त्यावर तिचं उत्तर 'नाही' आलं, तर टँक आणखी लहान काढायचा असं नव्हे, तर पुढे ढकलायचा.

वेळ कोणती? पावसाळ्यात आता घाई करू नका, गणपती उरकून या आणि मग मांडा. ऑक्टोबरची उष्णता रिकाम्या टँकवर जाऊ द्या, थंडावा पुरतोय की नाही ते मासे यायच्या आधीच कळेल. दिवाळीच्या पुढेमागे मासे. तेही थेट टँकमध्ये नाही. चाळीस लिटरच्या साध्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून चार ते सहा आठवडे वेगळे ठेवायचे, कारण खाऱ्या पाण्यातला पांढरा ठिपका, क्रिप्टोकॅरिऑन, एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की तांब्याचं औषध घालावं लागतं आणि ते कोळंबी-गोगलगाईंना मारतं. दुकानात मासा घेताना समोर दाणे टाकायला सांगा. खाल्लं नाही, कल्ले भराभर हलत असले, अंगावर साय आल्यासारखी दिसली, तर आज नको म्हणा. त्यानंतर दोन-तीन महिने काचेवर तपकिरी, मग हिरवं शेवाळ येईल. सगळ्यांकडे येतं. घाबरून सगळं धुऊन परत सुरू करणारे लोक पुन्हा तिथेच येतात.

कंपनी कोणती, हे मी सांगणार नाही. नावांपेक्षा तुमच्या शहरात त्या पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चक्र) उद्या मिळतो की नाही हे महत्त्वाचं. चिलरची सर्व्हिस कोण करतो, हे विकत घ्यायच्या आधी फोन करून विचारा.

जिवंत प्रवाळ बघायची इच्छा मात्र मारू नका. तुमचं सासर-माहेर जे काही कणकवलीला असेल, तिथून मालवण तासाभरावर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. गणपतीत समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, तेव्हा काही दिसणार नाही. नाताळच्या सुट्टीत जा, स्नॉर्केलिंगवाल्याला आधीच सांगा की प्रवाळावर पाय ठेवायला लावायचा नाही, आणि मुलीला जॅकेट घालून तुमच्या हाताशी ठेवा.

राहिला दहा हजारांचा ॲडव्हान्स. या आठवड्यातच दुकानात जा. कोरल, लाइव्ह रॉक आणि डोरी ऑर्डरमधून काढायला सांगा आणि तेच पैसे तीन फुटी टँक, स्टँड आणि आरओ-डीआय युनिटमध्ये वळते करून घ्या, गणपतीनंतरच्या डिलिव्हरीवर. नवं बिल पक्कं घ्या, त्यात काचेची जाडी आणि सिलिकॉनच्या जोडाची हमी लिहून घ्या. तो म्हणाला की कोरलशिवाय सेट देत नाही, तर ॲडव्हान्स परत मागा. पूर्ण नाही मिळाला तरी निघून या. टेस्ट किट मात्र आत्ता घेऊन ठेवू नका, त्यांची मुदत संपते. टँकमध्ये पाणी भरायच्या आठवड्यातच घ्या, डब्यावरची तारीख बघून.